चांगुनारायण: ‘वेळ उरला तर बघा’ म्हणणाऱ्यांसाठी

सांजवात

नेपाळवर इथं धाग्यांची कमी नाही. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, पोखरा, मनकामनेची केबल कार, सगळं येऊन गेलंय. भक्तपूरजवळच्या चांगुनारायण या विष्णूच्या देवळावर मात्र शोधून शोधून दोन ओळी मिळाल्या, त्याही ‘नगरकोटहून उतरताना वेळ उरला तर बघा’ अशा. त्या दोन ओळींशी माझं भांडण आहे, म्हणून हा धागा.

नोव्हेंबरात आईला घेऊन गेले होते. आई चौऱ्याहत्तरची. गुडघे कुरकुरतात, पण देवळाचं नाव काढलं की सगळ्यात आधी चपला तिच्या पायात. मुक्काम काठमांडूत न ठेवता भक्तपुरात ठेवला, हे एक शहाणपण माझ्या हातून झालं. सकाळी खिडकीतून बघते तर खालच्या चौकात बायका फरशीवर भात पसरतायत. एका कडेला जागतिक वारशाची पाटी, तिच्या सावलीत भाताची रास. आई म्हणाली, "हे बरंय. आपल्याकडे वाळवण घालायला अंगणच उरलं नाही."

चांगु तिथून उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर. टॅक्सी गावाच्या तोंडाशी सोडते. पुढं विटांनी बांधलेली गल्ली, मधे मधे पायऱ्या, चढ अंगावर न येणारा. दोन्ही बाजूंना घरं, खाली दुकानं: मुखवटे, थांका (कापडावरची धार्मिक चित्रं), कळसूत्री बाहुल्या. दुकानदार हाक मारतात, पण गळ्यात पडत नाहीत. आई दर वीस पावलांवर कुणाच्या तरी ओट्यावर टेकायची. कुणी हटकलं नाही, उलट एका आजींनी सुपातला भात बाजूला सारून जागा करून दिली. दोघींची भाषा वेगळी, पण गुडघ्यांवर हात ठेवून जे काय बोलायचं ते बोलून झालं.

गल्ली संपते आणि एकदम चौक उघडतो. मधोमध दुछपरी देऊळ. छपराला खालून तिरक्या लाकडी टेकूंचा आधार आणि प्रत्येक टेकूवर रंगवलेला, अनेक हातांचा देव. पश्चिमेचं दार सोनेरी पत्र्यानं मढवलेलं. चारही दारांशी दगडी प्राण्यांच्या जोड्या. ही इमारत फार जुनी नाही, १७०२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली. जुनं आहे ते इमारतीच्या भोवती, चौकात, उघड्यावर.

दारासमोर गरुड आहे. चोच नाही, माणसाचा चेहरा. गळ्याभोवती साप, हात जोडलेले, एक गुडघा टेकलेला. हा चेहरा मानदेव राजाचा असं सांगतात. आणि त्याच्या शेजारी मानदेवाचाच स्तंभ, इ.स. ४६४ चा, नेपाळमधला सगळ्यात जुना शिलालेख.

आता मुद्द्यावर येते. बहुतेक लोक स्तंभाचा फोटो काढून पुढं जातात, कारण लिपी वाचता येत नाही आणि पाटीवर नुसतं ‘लिच्छवी काळ’ (लिच्छवी म्हणजे मानदेवाचं घराणं) लिहिलेलं असतं. मी जाण्याआधी त्या लेखाचा अर्थ वाचून गेले होते. संस्कृत काव्य आहे ते. राजा धर्मदेव वारतो. राणी राज्यवती सती जायला निघते. मुलगा मानदेव तिच्या पायावर डोकं ठेवून रडतो आणि म्हणतो: तू नाहीस तर हे भोग, हे जगणं माझ्या काय कामाचं? आधी मी प्राण सोडतो, मग तू स्वर्गाला जा. आणि कवी लिहितो की अश्रूंनी भिजलेल्या त्या शब्दांच्या फासात राणी पक्षिणीसारखी अडकली, आणि थांबली. मग ती मुलाबरोबर नवऱ्याचे विधी करते. मग मुलगा पूर्वेकडं जातो, पश्चिमेकडं जातो, माजलेल्या सामंतांना नमवतो, गंडकीपलीकडं जाऊन मल्लपुरी जिंकतो आणि आईला सांगतो, आता प्रसन्न मनानं दानधर्म कर.

म्हणजे हा विजयस्तंभ आहे. पण राजा आपल्या विजयाची गोष्ट सुरू कुठून करतो, तर आईनं मरू नये म्हणून आपण रडलो तिथून.

हे सगळं मी आईला तिथल्या पायरीवर बसून सांगितलं. बाबांना जाऊन तीन वर्षं झालीत. ती बराच वेळ स्तंभाकडं बघत होती. मला वाटलं आता डोळ्यांना पदर लागणार. म्हणाली, "बरं झालं थांबली. पोरगं तरी नीट निघालं."

फोटो सवडीनं टाकते. कुणी गेलं असेल तर भर घाला.

चहाबिस्कूट

आईंना दंडवत! फोटो टाकाच.

नीरक्षीर

लेख आवडला, पण ‘नेपाळमधला सगळ्यात जुना शिलालेख’ हे दुरुस्त करा. लुंबिनीचा अशोकस्तंभ कुठं गेला? तो ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला. नुसतं काठमांडू खोरं घेतलं तरी १९९२ मध्ये मालीगावात जयवर्म्याची मूर्ती सापडली, तिच्यावर संवत १०७ आहे, म्हणजे इ.स. १८५. चांगुचा स्तंभ मोठा आहे तो वेगळ्या कारणानं. वंशावळ, प्रसंग, मोहिमा, तिथी असं सगळं सांगणारा खोऱ्यातला पहिला सविस्तर लेख तो.

तिथीवरून आठवलं. लेखात संवत ३८६, ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा आहे. हा शक. आपल्या कालनिर्णयावर जो शालिवाहन शक छापतात तोच. ३८६ मध्ये ७८ मिळवा, ४६४ येतात. शिलालेखाचं साल बोटांवर सोडवता येईल अशी सोय मराठी माणसाला आयती आहे.

सांजवात

कान पकडले. संपादनाची मुदत गेली, त्यामुळे चूक तशीच राहणार. नीरक्षीर यांचा प्रतिसाद सोबत वाचावा.

मावळतीकर

ताई, सुंदर लिहिलंत. एक मुंबईचा धागा जोडतो.

हा लेख आधुनिक अभ्यासकांपुढं आणला पंडित भगवानलाल इंद्रजींनी. जुनागढचे, पण कर्मभूमी मुंबई. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी ते देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेत. त्यांच्याच कामासाठी नेपाळलाही गेले. भाऊ दाजी १८७४ मध्ये वारले. नेपाळचे लेख १८८० मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापले गेले. भगवानलालांनी गुजरातीत लिहिलं आणि जर्मन पंडित ब्यूलरनं इंग्रजी केलं. पहिलाच लेख हा मानदेवाचा. पुढं १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकरणारे ते हेच. वसई-विरार लोकलनं रोज जाणाऱ्यांनी निदान एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणखी एक. लेखातली गंडकी म्हणजे आपल्या देवघरातला शाळिग्राम जिच्या पात्रातून येतो तीच. आमच्या घरातला शाळिग्राम आजोबांच्या आजोबांपासूनचा आहे. नेपाळला आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं, देव मात्र येऊन बसलेला.

कातळवेडा

दोनदा गेलोय, दुसऱ्यांदा फक्त मूर्तींसाठी. इतक्या लहान चौकात, उघड्यावर, इतक्या तोलामोलाची विष्णुशिल्पं मी दुसरीकडं पाहिली नाहीत. गरुड-स्तंभ झाले की लोक वळतात, म्हणून सांगतो. देवळाला उलट्या बाजूनं वळसा घालू नका, प्रदक्षिणेच्या क्रमानं जा आणि कोपऱ्यातल्या लहान देवळांच्या ओट्यांवर नजर ठेवा.

विश्वरूप: दहा तोंडं, दहा हात, आठव्या शतकाच्या आसपासचं. वरचा एक कोपरा फुटलाय. खाली शेषावर निजलेला विष्णू, वर उभा विश्वरूप, दोन्ही एकाच शिळेत. माझ्या मते अख्ख्या चौकातलं सगळ्यात अवघड काम हे. गर्दी भरपूर आहे, पण गोंधळ नाही. प्रत्येकजण वर बघतोय, त्यामुळे आपलीही मान आपोआप वर जाते.

त्रिविक्रम: एक पाय थेट आडवा, आकाशात टाकलेला. खाली बळीच्या दानाचा प्रसंग. मानदेवानं ४६७ मध्ये आईच्या, म्हणजे त्याच राज्यवतीच्या पुण्यासाठी त्रिविक्रम करवले होते. ते काठमांडूत तिलगंगा आणि लाजिम्पाटला होते. चांगुचा त्यांच्या नंतरचा, पण घराणं एकच. आमच्या बदामीच्या त्रिविक्रमाशी मनातल्या मनात ताडून पाहा. तिकडचा भारदस्त, इकडचा चपळ.

नरसिंह आहे, श्रीधर विष्णू आहे. आणि गरुडावर बसलेला विष्णू, जो नेपाळच्या दहाच्या नोटेवर आहे. नोट खिशात ठेवा आणि मूर्तीसमोर उभं राहून जुळवा. पोरांना फार आवडतं.

टेकूंना नेवारीत, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांच्या भाषेत, तुनाल म्हणतात. रंग बघून ‘हे काय नवीन केलंय’ असं म्हणू नका. आपण करडा दगड बघून बघून रंगीत देवाला नाक मुरडायला शिकलोय. आपली देवळंही एके काळी रंगवलेलीच होती.

चहाबिस्कूट

दहाच्या नोटेची आयडिया भारी. पण सगळीकडं त्या लोखंडी जाळ्या आणि कुलपं कशाला? फोटोत चौकातल्या राजाराणीच्या मूर्तीसुद्धा पिंजऱ्यात दिसतात.

कातळवेडा

राजाराणीचा सोनेरी पिंजरा मुद्दाम केलेला आहे, तो मल्ल राजांच्या (लिच्छवींनंतरचं खोऱ्यातलं घराणं) काळचा प्रकार. लोखंडी जाळ्यांचं कारण चोऱ्या. १९७० आणि ८० च्या दशकांत खोऱ्यातल्या देवळांमधून, पाणवठ्यांवरून शेकडो मूर्ती गेल्या. काठमांडूशेजारच्या पाटणच्या, म्हणजे ललितपूरच्या, पाटको टोलातली वासुदेव-कमलजाची मूर्ती (अर्धा विष्णू, अर्धी लक्ष्मी) १९८४ मध्ये चोरीला गेली आणि थेट अमेरिकेत डॅलसच्या संग्रहालयात सापडली. २०२१ मध्ये परत आली आणि संग्रहालयात न ठेवता तिच्या जुन्या देवळात बसवली. मधली सगळी वर्षं लोक प्रतिकृतीची पूजा करत होते.

त्यामुळे जाळी दिसली की मला आता चीड येत नाही. फोटो खराब होतो, होऊ दे.

ललितपूरची_सून

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच. माहेर साताऱ्याकडचं, सासर पाटणचं, घर नेवार. सोळा वर्षं झाली. तुमच्या लिहिण्यात घरच्या लोकांच्या बाजूनं थोडी भर.

नावांपासून सुरुवात. आमच्या घरात काठमांडू, पाटण, भक्तपूर असं कुणी म्हणत नाही. यें, यल आणि ख्वप. भाषा नेपाल भाषा. ‘नेवारी’ म्हटलं तर सासूबाई दुरुस्त करतात, तेव्हा कातळवेडा, सांभाळून. नेपाळीशी तिचं नातं नाही, ती तिबेटी-बर्मी कुळातली. मला जमायला चार वर्षं लागली आणि अजून माझ्या उच्चारांवर नणंदा हसतात.

सांजवात ताई, तुमच्या आई ज्या ओट्यावर टेकल्या तसल्या छपराच्या ओट्याला फल्चा म्हणतात. वाटसरूनं टेकावं म्हणूनच ती बांधतात. म्हाताऱ्यांच्या गप्पा, संध्याकाळचं भजन, भात वाळवणं, सगळं तिथंच. म्हणजे त्यांनी परक्या जागेत बसून काही आगळीक केली नाही, जागेचा बरोबर उपयोग केला.

चांगुबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. तिथं फक्त हिंदू येत नाहीत. नेवारांमध्ये शिवमार्गी आहेत तसे बुद्धमार्गी आहेत, आणि बुद्धमार्गींसाठी चांगु म्हणजे हरिहरिहरिवाहन लोकेश्वर (लोकेश्वर म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर). सिंहावर गरुड, गरुडावर विष्णू आणि विष्णूच्या खांद्यावर लोकेश्वर. तीनदा हरी का, तर सिंह, गरुड, विष्णू तिघांनाही हरी म्हणतात. आमच्या घरात दोन्ही चालतं. कुणी विचारलं तुम्ही हिंदू की बौद्ध, तर सासरे म्हणतात "हो".

राज्यवतीची गोष्ट वाचून मला इही आठवली. नेवार मुलीचं पाळी येण्याआधी बेलफळासोबत लग्न लावतात. वर सुवर्णकुमार, काही जण विष्णू म्हणतात. तो नवरा मरत नाही, म्हणून पुढं माणूस-नवरा गेला तरी बाई विधवा ठरत नाही, असं मानतात. माझ्या मुलीची इही झाली तेव्हा माझी आई साताऱ्याहून आली होती. आधी तिला हसू आलं, मग सगळं समजावून सांगितल्यावर ती गप्प बसली. आजी तरुणपणीच विधवा झाली होती आमची.

तसंच जंकू. माणूस ७७ वर्षं, ७ महिने, ७ दिवसांचा झाला की त्याला रथात बसवून मुलंनातवंडं ओढतात. पुढं हजार पौर्णिमा बघितल्या की आणखी एकदा. आपलं सहस्रचंद्रदर्शन! सासऱ्यांचा पहिला जंकू झाला तेव्हा मी सोन्याच्या फुलांची पद्धत सांगितली, ती त्यांना इतकी आवडली की आता शेजारी विचारतात.

आणि काळी साडी. इथल्या ज्यापू, म्हणजे शेतकरी बायकांची हाकु पटासि, काळी आणि लाल काठाची. पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, चंद्रकळा नेसून एवढ्या बायका निघाल्यात कुठं? इथं ती सणाची. संक्रांत नसतानाही मी काळं नेसते म्हणून माहेरी कौतुक.

बालाघाटचा

ताई, कमाल माहिती. आमच्या भागातला एक प्रश्न. भक्तपूरच्या राजवाड्यात तलेजू देवी आहे असं वाचलं. ही आपली तुळजाभवानीच ना? आमच्याकडं एकजण छातीठोक सांगतो की मराठे घेऊन गेले.

नीरक्षीर

मराठे नक्की नाही, सनावळीच जुळत नाही. नेवारांकडची परंपरा अशी: तराईत सिम्रौनगढला कर्णाट घराणं होतं, नान्यदेवानं १०९७ मध्ये स्थापलेलं. नावातच कर्णाट, म्हणजे मूळ दक्षिणेकडचं. चौदाव्या शतकात तुघलकाच्या स्वारीत हरिसिंहदेवाला पळावं लागलं, तो वाटेतच वारला आणि त्याची राणी भक्तपूरच्या आश्रयाला आली. देवी तिच्यासोबत आली असं सांगतात. तलेजू आणि तुळजा ही नावं एकाच गोत्रातली दिसतात, नेपाळातही ‘तुलजा भवानी’ म्हणतात. पण तुळजापूरच्या देवळाशी थेट दोरी बांधायला पुरावा लागेल. तुमच्या मित्राला म्हणावं, दक्षिणेची वाट म्हण, मराठ्यांचे घोडे नको.

ललितपूरची_सून

नीरक्षीर यांच्याशी सहमत. मी मात्र दसऱ्यात तलेजूला बाहेरूनच हात जोडताना ‘आई राजा उदो उदो’ म्हणते. कुणाला कळत नाही.

सरळसोट

थोडा विरोधी सूर. आम्ही गेलो तेव्हा मुख्य देवाचं दर्शन झालंच नाही, दार बंद. चौकात चार पर्यटक, दोन बकऱ्या आणि शुकशुकाट. गाईड म्हणाला देवाचं डोकं तुटलेलं आहे, मग दुसऱ्या गाईडनं वेगळंच सांगितलं. तासाभरात परत. मुलं कंटाळली. पशुपतिनाथला जो भाव दाटतो तो इथं नाही. प्रत्येक जुनी जागा सगळ्यांना भिडलीच पाहिजे असं नाही.

कातळवेडा

बरोबर आहे, भिडलीच पाहिजे असं नाही. पण गाईडनं थाप मारली नव्हती, अर्धीच कथा सांगितली. गवळी-ब्राह्मणाची ती कथा अशी: सुदर्शन नावाच्या ब्राह्मणाकडून गवळ्यानं घेतलेली गाय दूध देईना. पाळत ठेवली तर चाफ्याच्या झाडातून एक सावळा मुलगा येऊन दूध पिऊन जायचा. रागानं झाड तोडलं, तर रक्त आलं आणि मस्तक तुटलेला विष्णू प्रकटला. म्हणाला, घाबरू नकोस, ब्रह्महत्येच्या शापातून सोडवलंस मला. म्हणून इथं छिन्नमस्तक विष्णू, आणि चौकातच छिन्नमस्ता देवीचंही देऊळ आहे. गाईचं दूध झाडाशी किंवा वारुळाशी आटणं आणि कुऱ्हाड लागल्यावर रक्त येणं, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या निम्म्या ग्रामदैवतांची आहे. तुमच्या गावातही असेल.

सरळसोट

आहे. खंडोबाच्या टेकाडावर. मान्य!

खमंग_काकडी

देवाधर्माचं झालं असेल तर पोटाकडं वळूया का?

भक्तपुरात जुजु धौ खाल्लं नाही तर जाणं फुकट. जुजु म्हणजे राजा, धौ म्हणजे दही. म्हशीचं दूध आटवून मातीच्या कुंड्यात विरजतात, माती पाणी शोषते आणि दही खरवसासारखं कापता येतं. आधी साधं मागा, वरून सुकामेवा पेरलेलं नको.

शाकाहारींनी ‘बारा’ नावाचा पदार्थ मागवा (नेपाल भाषेत वः), उडदाच्या वाटलेल्या डाळीचे जाड आंबोळीसारखे. चतांमरि म्हणजे तांदळाच्या पिठाची धिरडी. समय बजीचं (पोह्यांसोबत बरेच पदार्थ) ताट मागवताना ‘मासु नको’ दोनदा सांगा, कारण छोयला म्हणजे म्हशीचं मांस, आणि चटणीसारखं दिसल्यामुळे आमच्या मेहुण्यांनी निम्मं संपवल्यावर विचारलं हे काय आहे. माळकरी माणूस. त्या दिवसापासून ते नेपाळचं नाव काढत नाहीत.

आणि योमरि! तांदळाच्या उकडीत चाकू आणि तीळ भरून उकडलेलं. घाबरू नका, चाकू म्हणजे आटवलेल्या उसाच्या रसाचा घट्ट गूळ. आकार माशासारखा निमुळता, चव सरळ आपल्या मोदकाची चुलतबहीण.

मावळतीकर

योमरि पुन्ही मार्गशीर्ष पौर्णिमेला असते. म्हणजे दत्तजयंती! आणि भक्तपुरात दत्तात्रेयाचं जुनं देऊळ आहे, पंधराव्या शतकातलं, यक्ष मल्लाच्या काळचं. एकाच झाडाच्या लाकडात बांधलं असं सांगतात. समोर गरुडस्तंभ, दाराशी जयमल आणि फत्ता हे दोन दगडी पहिलवान. तेच पहिलवान भक्तपुरातल्याच न्यातपोल या पाच छपरांच्या देवळाच्या पायऱ्यांवरही आहेत. शेजारच्या पुजारी मठाची मोराची खिडकी बघायला झुंबड असते, दत्ताला मात्र आम्ही दोघंच होतो. हिनं तिथंच उभं राहून ‘त्रिगुणात्मक त्रैमूर्ती’ म्हटली. दोन शाळकरी पोरं थांबून ऐकत होती.

ललितपूरची_सून

काका, हे वाचून डोळे भरले. आणखी एक जुळवून देते. आमचा म्ह पुजा, म्हणजे स्वतःच्या देहाची पूजा, आणि नेपाल संवताचं नवं वर्ष येतं कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. बलिप्रतिपदा! सकाळी मी नवऱ्याला ओवाळते, संध्याकाळी सगळे रांगेत बसून आपापल्या मंडलाची पूजा करतात. बळीला पाताळात घालणारा त्रिविक्रम चांगुवर, आणि त्याच दिवशी मी घरात हळूच ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’. दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात.

हे सगळं चालतं ते गुठीमुळे, हे सांगायचं राहिलं. गुठी म्हणजे आपल्या देवस्थान इनामासारखं काहीतरी, पण माणसांचं. जमिनीचं उत्पन्न असतं आणि कामं वाटलेली असतात: जत्रेत दिवा कुणी धरायचा, वाद्यं कुणी वाजवायची, फल्चा कुणी शाकारायची, अंत्यसंस्काराला कुणी यायचं. २०१९ मध्ये सरकारनं गुठीचा नवा कायदा आणला, तेव्हा काठमांडूचे रस्ते माणसांनी भरले आणि विधेयक मागं घ्यावं लागलं. आमच्या घरातून तिघं गेले होते, सासरे काठी टेकत.

भूकंपाचं विचारलं नाही कुणी, तरी लिहिते. २५ एप्रिल २०१५. चांगुचं देऊळ उभं राहिलं पण हादरलं, गल्लीतली घरं पडली. भक्तपुरात वत्सला देवीचं दगडी देऊळ पडलं, न्यातपोलची पाच छपरं मात्र उभी. १९३४ लाही उभी होती. तुम्हाला गल्लीत काही घरांच्या विटा फार कोऱ्या दिसल्या असतील, त्या तेव्हाच्या. पर्यटक ‘नकली वाटतं’ म्हणतात. एका शेजाऱ्यांनी कर्ज काढून खिडकी कोरीव करून घेतली, काँक्रीटची स्वस्त पडत होती. मी तरी त्याला नकली म्हणणार नाही.

भटकंती_एकटी

फेब्रुवारीत एकटीच जातेय. चालत जायला वाट आहे का? आणि तिकीट, पैसे?

कातळवेडा

आहे. नगरकोटहून खाली तेलकोटपर्यंत बसनं या, तिथून डोंगरधारेनं चांगु दीड-दोन तास. उत्तरेला खाली मनोहरा नदी, आभाळ स्वच्छ असेल तर हिमशिखरं. पूर्वेकडून येता म्हणून देवळाची मागची बाजू आधी दिसते, तरी वळून पश्चिम दारापासूनच सुरुवात करा. तिकिटाला सार्क देशांचा दर कमी आहे, त्यामुळे भारतीय ओळखपत्र हाताशी ठेवा. विनिमय ठरलेला, आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०. दहाची नोट विसरू नका.

सांजवात

आणि नऊच्या आत पोचा. दहानंतर गाड्या येतात. गुडघेदुखीवाल्यांनी भक्तपूरहून थेट टॅक्सी करावी, थांबायचे पैसे आधी ठरवावेत. आम्ही ठरवले नव्हते, परतताना वाद झाला. तो आईनं हिंदी, मराठी आणि हातवारे वापरून जिंकला.

बालाघाटचा

नागपंचमीला चांगुच्या गरुडाला घाम येतो म्हणतात, खरं का?

ललितपूरची_सून

तसं मानतात. त्या दिवशी गरुडाची तक्षक नागाशी झुंज होते. घाम टिपलेलं कापड पूर्वी राजाकडं पाठवत आणि ते साप चावल्यावर उपयोगी पडतं अशी समजूत. मी श्रावणात गेलेय. श्रावणात इथला प्रत्येक दगड घामेजलेलाच असतो हेही सांगून ठेवते.

भटकंती_एकटी

जाऊन आले! तेलकोटहून चालत. गरुडाला घाम नव्हता, मला होता.

स्तंभासमोर उभी राहून मोबाईलवर सांजवात ताईंचा स्तंभावरचा परिच्छेद पुन्हा वाचला. बाजूला एक नेपाळी मुलगा आईचे फोटो काढत होता, तिला पुन्हा पुन्हा सरळ उभं राहायला सांगत होता आणि ती पुन्हा पुन्हा पदर सारखा करत होती. मला मोडकं नेपाळी येतं, त्यातून राज्यवतीची गोष्ट सांगून बघितली. त्यानं शाळेत मानदेव पाठ केला होता, पण हे रडण्याचं पुस्तकात नव्हतं म्हणाला. आईला त्यानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

विश्वरूपापुढं पाऊण तास गेला. नोट जुळवली. दत्ताला जाऊन आले.

सांजवात

आईला आत्ताच वाचून दाखवलं. धपाट्याला मनापासून हसली. मग विचारतेय, "त्या मुलीनं दही आणलं का?"